सहरीनंतरचा तास

२०२५ मध्ये पहिला रोजा २ मार्चला होता आणि दहावीची परीक्षा १७ मार्चपर्यंत चालली. नळदुर्ग असो की परंडा, धाराशिव जिल्ह्यातही कितीतरी मुलांनी रोजा धरूनच पेपर दिले. 'कलेक्टर हो' ही दुआ तर घरोघर मिळते. मराठवाड्यातच, जालना जिल्ह्यातील शेलगावचे अन्सार शेख २०१५ च्या यूपीएससीत पहिल्याच प्रयत्नात, एकविसाव्या वर्षी ३६१ वे आले. वडील रिक्षाचालक. चौथीतच शाळा सुटणार होती, तेव्हा घरच्यांना समजावले ते शिक्षकांनी. सत्काराच्या बॅनरवर हे मात्र येत नाही.

रोजाची नियत महिन्याची एकदम होत नाही, रोजची रोज करावी लागते. अभ्यासाचेही तसेच. आज बीजगणिताचे एक प्रकरण, उद्या भूमितीची दोन प्रमेये. सहरी आणि फजरनंतरचा शांत तास त्यासाठी उत्तम. पण दहावीतल्या मुलीला तो मिळतो कुठे? आधी ती चुलीपाशी, मग भांड्यांपाशी. भाऊ अंथरुणात, किंवा खरे सांगायचे तर मोबाइलवर. निदान परीक्षा संपेपर्यंत सहरीची भांडी भावाने घासावीत. तोही त्या वेळी जागाच असतो.