कोंबड्यांची मोजणी आणि विहिरीचं पाणी

प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रासायनिक कारखाना येतो. मंडणगड तालुक्यात तर ते साहजिकच आहे. उत्तरेला सावित्री नदी आणि तिच्या वरच्या अंगाला महाडची औद्योगिक वसाहत. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडीचं काय झालं, हे मासे विकणाऱ्या बायकांना अहवाल न वाचताही कळलं. पण कोंबड्यांच्या शेडला कोणी कारखाना म्हणत नाही. तो ‘जोडधंदा’. जोडधंदा म्हणजे घरगुती, बाईचा, निरुपद्रवी, असं आपण संघटनेतल्या बायकाही धरून चालतो. हे तपासून पाहायची वेळ आली आहे.

परसातल्या दहा-वीस गावठी कोंबड्यांबद्दल मी बोलत नाही. प्रश्न आहे तो करारावर चालणाऱ्या ब्रॉयलर शेडचा. कंपनी पिल्लं, खाद्य, औषधं देते, साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पक्षी उचलून नेते आणि वजनावर पैसे देते. शेड, त्यावरचं कर्ज, विजेचं बिल आणि विष्ठा मात्र शेतकऱ्याची. घरातले पुरुष मुंबईला, त्यामुळे भाताचा तूस पसरणं, शेड झाडणं, खत भरणं बाईकडे. कर्जाच्या कागदावर पुष्कळदा सहीही तिचीच.

कायदा काय सांगतो? १९७४ च्या जल कायद्यानुसार पाण्यात किंवा जमिनीत सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगाला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. कोंबड्यांच्या बाबतीत केंद्रीय मंडळाने २०१५ साली एक लाखाहून कमी पक्षी असलेल्यांना त्यातून सूट दिली होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२० मध्ये फेरविचार करायला लावला, तेव्हा कुठे २०२१ च्या सुधारित सूचनांत एका ठिकाणी ५,००० किंवा अधिक पक्षी असतील तर संमतीपत्र घ्यावं, असं ठरलं.

पाऊल चांगलंच आहे. पण ‘एका ठिकाणी’ या शब्दांकडे नीट पाहा. समजा, एका वहाळाच्या वरच्या बाजूला पाच घरांनी प्रत्येकी ४,००० पक्ष्यांची शेड घातली. पक्षी झाले २०,०००, कंपनी एकच, आणि खाली वाडीची विहीरही एकच. तरी संमतीपत्र कोणालाच नको. कागद शेडमागे पक्षी मोजतो, विहिरीत मात्र सगळ्यांचं पाणी एकत्र येतं.

आपली जमीनही साथ देत नाही. जांभा दगड भेगांचा, पोकळ. पावसाळ्यात उघड्यावरच्या खताच्या ढिगातून झिरपलेलं पाणी त्यातून थेट विहिरीकडे उतरू शकतं. विष्ठेतल्या नत्राचं नायट्रेट होतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं असं भारतीय मानक सांगतं. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळून ते जात नाही. सर्वांत जास्त धोका बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना. चैत्र-वैशाखात विहिरी तळाला जातात, तेव्हा वाडीला दुसरी विहीरही नसते.

अमेरिकेत तर १९७२ च्या कायद्यानेच जनावरांच्या मोठ्या बंदिस्त गोठ्यांना कारखान्याच्या नळासारखा प्रदूषणाचा स्रोत मानलं. पण पुढे २००५ आणि २०११ मध्ये न्यायालयांनी म्हटलं, की घाण प्रत्यक्ष पाण्यात सोडली जात नसेल तर परवान्याची सक्ती करता येणार नाही. आज तिथल्या अशा मोठ्या गोठ्यांपैकी जेमतेम एकतृतीयांशांकडे परवाना आहे. आपल्याकडेही २०२४ च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या उद्योगांना संमतीतून वगळण्याचा अधिकार केंद्राने घेतला आहे. तेव्हा मिळालेला नियम टिकेलच, असं समजून चालणार नाही.

काही मैत्रिणी विचारतात, “नियम आला की गरीब बाईचंच शेड बंद पडणार ना?” प्रश्न रास्त आहे. शेडवाली आणि विहिरीवर जाणारी, दोघी बचत गटाच्या एकाच बैठकीत शेजारी बसतात, आणि आपल्याला दोघींच्याही बाजूने उभं राहायचं आहे. म्हणूनच जबाबदारी कंपनीवर टाकायला हवी. पिल्लू आणि खाद्य तिचं, नफ्याचा मोठा वाटा तिचा, मग घाणच तेवढी बाईची कशी?

आपल्या मागण्या अशा असाव्यात. एका कंपनीचे एका पाणलोटातले सगळे पक्षी एकत्र मोजावेत. संमतीपत्रावर कंपनीचंही नाव असावं. खतासाठी छपराचा, पक्क्या तळाचा खड्डा बांधून देण्याचा खर्च कंपनीने करावा. शेडच्या उतारावरच्या विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.

त्यासाठी मंत्रालयापर्यंत जायला नको. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे; तिथे ठराव मांडा. कोणाकडे संमतीपत्र आहे, हे माहितीच्या अधिकारात प्रदूषण मंडळाला विचारा. आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव याच तालुक्यातलं आणि सावित्रीपलीकडच्या महाडला १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाण्याचा हक्क मागणं या मातीला नवीन नाही. आपल्या हंड्यात काय येतं हे विचारणं, हा त्याच हक्काचा भाग आहे.