किती आली?

सकाळी साडेसहाला आमच्या घरात तीन कामं असतात. खारीला खायला देणं, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालणं आणि माझ्या बोटाला सुई टोचून शुगर बघणं. पहिला नंबर खारीचा, कारण तिला उशीर झाला तर ती अख्खी सोसायटी उठवते. खारी म्हणजे आमची मांजर. बेकरीतल्या खारीसारखा रंग, म्हणून हे नाव.

मी एस.वाय. बीएस्सीला आहे, नाशिकला राहते. नववीत असताना मला टाइप वन डायबेटिस झाला. खूप तहान लागायची, रात्रीतून चार-चार वेळा उठावं लागायचं, आणि दोन महिन्यांत युनिफॉर्म ढगळ झाला. तपासण्या झाल्या आणि कळलं, की माझ्या शरीरानेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी संपवत आणल्यात. यात गोड खाण्याचा काही संबंध नसतो. तरी ‘एवढं चॉकलेट खायचीस ना, म्हणून झालं’ हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरसुद्धा देत नाही. दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं आणि ते आयुष्यभर घ्यायचंय. हा बरा होणारा आजार नाही, सांभाळायचा आजार आहे.

मला आज बोलायचंय ते या सांभाळण्याबद्दल. कारण ते आम्ही घरी आणि मी कॉलेजात, दोन्हीकडे चुकीचं करत होतो.

घरी काय झालं, तर आजार हा एकच विषय उरला. शाळेतून आले की दारातच आई विचारायची, ‘किती आली?’ ऑफिसमधून बाबांचा फोन, ‘किती आली?’ ताटावर बसलं, की पोळ्या मोजण्याआधी, ‘किती आली?’ आकडा चांगला असेल तर घराचा मूड चांगला, दोनशेच्या वर गेला की सगळे गप्प. दादाने माझ्याशी भांडणं सोडलं, तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली. रिमोटवरून माझे केस ओढणारा मुलगा ‘घे तू, बघ तुला काय बघायचं ते’ म्हणायला लागला, म्हणजे प्रकरण गंभीरच असणार!

कॉलेजात मी बरोबर उलटं केलं. कोणालाच सांगितलं नाही. इन्सुलिनचं पेन घेऊन वॉशरूममध्ये जायचं, पार्टीत ‘मी डाएटवर आहे’ म्हणायचं. एकदा केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन करताना शुगर उतरली. हात थरथरायला लागले, घाम फुटला, ब्युरेटवरचं रीडिंग दिसेना. पार्टनर म्हणाली, ‘अगं, एवढं काय घाबरतेस, सर काही खात नाहीत.’ बॅगेत ग्लुकोज होतं. पण बॅग लॅबच्या बाहेर, आणि ती कशाला हवी हे सांगायची माझी तयारी नाही. शेवटी स्टुलावरच बसले, तेव्हा कुठे तोंडातून शब्द फुटला.

एका ठिकाणी आजाराशिवाय दुसरं बोलणं नाही, दुसऱ्या ठिकाणी आजाराबद्दल बोलणंच नाही. मला वाटतं, दीर्घकाळ आजारी असणाऱ्या बहुतेक तरुण मुलामुलींचं या दोन टोकांमध्ये असंच हेलपाटणं चाललेलं असतं.

खारी आली ती मी बारावीत असताना, ऐन जुलैत. पार्किंगमध्ये बाबांच्या स्कूटरच्या कव्हरखाली भिजून बसली होती. ‘पाऊस थांबला की जाईल’ या बोलीवर वर आणली. पाऊस थांबला, ती थांबली. आणि हळूहळू घरात दुसरे विषय आले. खारीने पडदा फाडला. खारी फ्रिजवर चढली आणि आता उतरता येत नाहीये. दादा आणि मी पुन्हा भांडायला लागलो, कारण तिच्या वाळूचा ट्रे कोणी साफ करायचा हा प्रश्न ‘घे तू’ म्हणून सुटणारा नव्हता.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. प्राणी पाळल्याने आजार बरा होतो, असं मी अजिबात म्हणत नाहीये. रील्समध्ये मांजर मालकिणीची शुगर उतरल्याचं ओळखून तिला पंजाने उठवतं. एफ.वाय.ला असताना पहाटे तीनला माझी शुगर ४८ झाली होती, तेव्हा खारी माझ्या पायाशी गाढ झोपली होती. मला उठवलं ते आईने. ती रोज रात्री तीनचा गजर लावून उठत होती, हे मला त्या रात्री कळलं.

आणि त्याच आठवड्यात आई म्हणाली, ‘मांजर देऊन टाकू.’ कारणंही खोटी नव्हती. शुगर वाढलेली असली की जखमा लवकर भरत नाहीत, आणि खारीने माझ्या मनगटावर दोनदा ओरखडे काढले होते. ‘तुझं तुला होत नाही, त्यात हिचं कोण करणार?’ मी रडले, भांडले, पण मुद्द्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खारी मावशीकडे गेली.

आठ दिवस घर एकदम स्वच्छ होतं. सोफ्यावर केस नाहीत, पहाटे ओरडा नाही. आणि पुन्हा तेच सुरू झालं, ‘किती आली?’ आई सवयीने बांगड्याची डोकी वाटीत बाजूला काढून ठेवायची आणि मग तशीच टाकून द्यायची. नवव्या दिवशी ती कुणाला न सांगता रिक्षाने मावशीकडे गेली आणि टोपलीत घालून खारीला घेऊन आली. आल्यावर एकच वाक्य बोलली, ‘पण मी आता एकटीने जागणार नाही.’

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आईला मांजराचा त्रास नव्हताच. तिला एकटीने जागण्याचा त्रास होता. आजारी मी होते, पण झोप चार वर्षं तिची मोडत होती, आणि घरात ते कोणी विचारलंच नव्हतं. त्या रात्री फ्रिजच्या दारावर कागद लागला. तीनचा गजर, सोमवार-मंगळवार बाबा, बुधवार-गुरुवार दादा, बाकीचे दिवस आई. वाळूचा ट्रे माझ्याकडे, माझी शुगर बिघडली असेल तर दादाकडे. खारीची नखं दर पंधरा दिवसांनी बाबा कापणार. ओरखडा निघाला तर साबणाने लगेच धुवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचा. तिची रेबीजची लस चुकवायची नाही. कुंड्यांचं पाणी आजीकडे. कागदावर माझ्या आजाराला मिळाल्या दोन-तीन ओळी, खारीला चार, झाडांना एक. मला ते फार आवडलं.

झाडांवरून आठवलं. आमच्या गॅलरीत तुळस, कोरफड, गवती चहा आणि गुलाबी सदाफुली आहे. सदाफुली आत्याने आणली, मुद्दाम माझ्यासाठी. ‘रोज अनशापोटी चार पानं चावून खा, सुई सुटेल.’ आत्याची माया खरी आहे, पण सल्ला जिवावर बेतणारा आहे. टाइप वनमध्ये इन्सुलिन बंद केलं तर रक्तात आम्लं साठत जातात आणि काही दिवसांत, कधी काही तासांत, माणूस अत्यवस्थ होतो. सदाफुली स्वतः विषारी आहे, मांजरांसाठीसुद्धा. म्हणून आता ती गॅलरीच्या ग्रिलला उंच टांगली आहे.

या सदाफुलीची एक भारी गोष्ट मला नंतर कळली. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडात टोरांटो इथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन मिळवलं. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा टोचलं गेलं ते लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला. मी नववीत तेवढ्याच वयाची होते. बँटिंगच्या मदतीला कोणता विद्यार्थी जाणार, याची म्हणे नाणेफेक झाली होती. बेस्ट जिंकला, क्लार्क नोबल हरला. पुढे १९५२ मध्ये याच नोबल यांच्याकडे जमैकाहून सदाफुलीची पानं आली. तिकडेही लोक शुगरसाठी तिचा काढा घेत. त्यांनी ती पानं आपला संशोधक भाऊ रॉबर्ट यांच्याकडे पाठवली. शुगरवर काही परिणाम दिसला नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिसल्या. त्यातून विनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध मिळालं. म्हणजे आत्या अगदीच चुकीची नाही. झाड औषधी आहे, फक्त माझ्या आजाराचं नाही, आणि औषध चावून खाल्लेल्या पानात नाही, तर अनेक वर्षांच्या तपासणीतून हाती लागलेलं. हे मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं, मग पूजेला फुलं तरी घेत जा.’ ते मान्य!

तर मुद्दा असा. घरात कुणाला दमा असेल, फिट्स येत असतील, सिकलसेल, थॅलेसेमिया किंवा संधिवात असेल, तर तो आजार घराचा राजाही करू नका आणि चोरासारखा लपवूही नका. फ्रिजच्या दारावरच्या कागदात त्याला जागा द्या. दुधाच्या हिशेबाशेजारी, कुंड्यांच्या पाण्याशेजारी. आमच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन दह्याच्या पातेल्याशेजारी असतं, फ्रीझरपासून लांब, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. उन्हाळ्यात बराच वेळ लाइट गेले, की डबा मातीच्या ओल्या माठात जातो. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. यात कोणाचे डोळे भरून येत नाहीत.

आणि हे वाचून कुणी लगेच मांजराचं पिल्लू उचलून आणू नका. ज्याचा दमा मांजराच्या केसांनी वाढतो, त्याने तर नाहीच. होस्टेलवर, वर्षाच्या करारावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी विचार करा, दिवाळीच्या सुट्टीत त्याला कोण सांभाळेल? तुम्ही आठ दिवस आजारी पडलात तर ट्रे कोण साफ करेल? प्राणी म्हणजे तुमच्या उदासीवरची गोळी नव्हे. त्यालाही भूक लागते, तोही आजारी पडतो. मांजरांनाही डायबेटिस होतो, तेव्हा त्यांनाही इन्सुलिन टोचावं लागतं. त्याचं करायला नाव घेऊन दुसरा माणूस सांगता येत नसेल, तर थांबा. सदाफुलीची एक कुंडी आणा, मांजर नसलेल्या घरात ती अगदी गुणाची आहे.

कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींसाठी एवढंच. टाइप वनवाल्या कुणाचे हात थरथरायला लागले, घाम फुटला, बोलणं असंबद्ध झालं, तर ‘घाबरू नकोस’ म्हणत बसू नका. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटं थांबा, शुगर पुन्हा बघा, ७० च्या खालीच असेल तर परत द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, इन्सुलिन टोचू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. लॅब पार्टनरला मी आता हे सगळं सांगितलंय. तिच्या एप्रनच्या खिशात ग्लुकोजची पुडी असते. त्या दिवसाबद्दल तिने सॉरी म्हटलं. मी म्हटलं, चूक अर्धी माझी, मी सांगितलंच कुठे होतं?

परवा सकाळी खारीचं आटोपून मी बोट टोचत होते. गॅलरीतून आजीचा आवाज आला, ‘किती आली गं?’

मी म्हटलं, ‘एकशे बेचाळीस.’

‘शुगर नाही गं बाई, फुलं! तू त्या बाजूची मोजलीस का? माझी इकडची अकरा झाली.’