फरशीखालची हवा कोण तपासणार?

कबनूरमध्ये एका बंद पडलेल्या जुन्या कापड प्रोसेस युनिटच्या जागेवर या आठवड्यात फ्लॅटचा बोर्ड लागला. इथली माती तपासली का, असं विचारलं, तर बोअरच्या पाण्याच्या एका बाटलीचा अहवाल पुढे आला. पाणी योग्य, विषय संपला. काळ्या ओढ्यापासून तेरवाडच्या बंधाऱ्यावर मरून पडलेल्या माशांपर्यंत या एका बाटलीच्या न्यायाविरुद्ध मी इथे किती वेळा लिहिलं, ते वाचकांना ठाऊक आहे. या खेपेला तर बाटलीचा उपयोगच नाही. प्रश्न पाण्याचा नसून फरशीखालून घरात शिरणाऱ्या हवेचा आहे.

कापडावरचे तेलाचे डाग काढायला आपल्या देशात वर्षानुवर्षं कार्बन टेट्राक्लोराइड वापरलं गेलं. ओझोनसाठीच्या माँट्रियल करारामुळे 2010 पासून ते या कामातून गेलं आणि ट्रायक्लोरोइथिलीनसारखी द्रावणं पुढे आली. ही द्रावणं पाण्याहून जड असतात. सांडली की कोब्याच्या भेगेतून मुरत भूजलापर्यंत जातात आणि तिथून वाफ होऊन मातीतल्या पोकळ्यांमधून वर येत राहतात. काम बंद पडलं, शेड पाडली, तरी हे थांबत नाही. ट्रायक्लोरोइथिलीनने कर्करोग होतो. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गर्भाच्या हृदयाला धोका आहे असं धरून अमेरिकेतली पर्यावरण यंत्रणा ही वाफ शिरलेल्या घरांत ताबडतोब उपाय करायला सांगते.

या प्रश्नाचा बराच अभ्यास झाला तो लष्करी तळांवर, कारण विमानांचे सुटे भाग याच द्रावणाने धुतले जात. कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमध्ये नौदलाच्या मॉफेट फील्डखालचं दूषित भूजल शेजारच्या जुन्या चिप कारखान्यांच्या दूषित भूजलाला मिळालं आहे. त्याच पट्ट्यातल्या गूगलच्या दोन इमारतींत 2012-13 च्या हिवाळ्यात ही वाफ मर्यादेबाहेर गेली. आपल्याकडची कितीतरी मुलं त्या गावात नोकरी करतात. तिथे ऑफिसातली हवा मोजली जाते, म्हणून हे कळलं तरी.

पण मला खरं महत्त्वाचं वाटतं ते युटा राज्यातल्या लेटन गावचं एक घर. शेजारच्या हिल हवाई तळाचं द्रावण त्या घराखालच्या भूजलात उतरलं होतं. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने ते घर चक्क विकत घेतलं, रिकामं ठेवलं आणि आतली हवा वर्षानुवर्षं सतत मोजली. आकडा एका पातळीवर कधी राहिलाच नाही. काही दिवस तो एकदम चढे, मग कित्येक आठवडे जवळजवळ काहीच नसे. थंडीत वाफ जास्त यायची, उन्हाळ्यात घर स्वच्छ वाटायचं. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा यांत शेकडो पटींचं अंतर होतं. एखाद्या उन्हाळी दिवशी कुणी एकच नमुना घेऊन गेलं असतं, तर त्या घराला निर्धोक असल्याचा कागद मिळाला असता. पुढे आणखी एक गोष्ट सापडली. जमिनीतलं पाणी वाहून नेणाऱ्या नळाची एक शाखा घराखाली येऊन संपत होती आणि बरीचशी वाफ त्या वाटेने येत होती. त्या नळावर झडप बसवून ती बंद केल्यावर घरातला आकडा उतरला.

कबनूरच्या बाटलीशेजारी हे घर ठेवून बघा. तिथे एका घरासाठी वर्षं मोजली, इथे सबंध इमारतीसाठी एक दिवस.

आपल्या खिडक्या उघड्या असतात, इथे तशी थंडी नाही, असं मला सांगितलं जातं. हा मुद्दा खरा आहे आणि त्याने धोका कमीही होतो. पण नव्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये एसी लावून दारं-खिडक्या बंदच असतात. तळमजल्यावरच्या गाळ्यांचं शटर रात्रभर खाली असतं आणि सकाळी ते उघडणारा माणूस पहिला श्वास तिथलाच घेतो. न वापरलेल्या मोरीच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलं की ड्रेनेजची वाटही मोकळी होते. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, ती वाफेला आयता रस्ता देत असणार, अशी माझी खात्री आहे.

यावर उपाय आहे आणि तो बांधकामाआधी केला तर स्वस्त पडतो. फरशीखाली खडीचा थर द्यायचा, त्यात भोकांचा पीव्हीसी पाइप टाकायचा, वर जाड प्लास्टिक अंथरायचं आणि पाइप गच्चीच्या वर नेऊन त्यावर छोटा पंखा बसवायचा. खालची हवा घरात न येता वरच्या वर बाहेर जाते. हिल तळाने आसपासच्या कित्येक घरांत अशी व्यवस्था स्वतःच्या खर्चाने करून दिली.

जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम काढले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने करायची आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, असं त्यांत आहे. जागा दूषित ठरल्यावर ती कधीपर्यंत साफ व्हावी याची मुदत मात्र नाही. हे मोठंच भगदाड आहे. तरीही यादीत नाव घालायला कुणाची वाट बघावी लागत नाही आणि नागरिकाच्या तक्रारीवरूनही ते घालता येतं. कबनूरच्या ग्रामसभेने या जागेचं नाव पाठवावं, फरशीखालच्या हवेचे नमुने हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात अशा दोन्ही वेळा घ्यायला सांगावं, आणि त्यांचे अहवाल हाती येईपर्यंत तिथे जोत्याचं काम सुरू होऊ देऊ नये. माझा अर्ज मी ग्रामपंचायतीत दिला आहे.