प्रार्थना झाली, पगार दिला का?



घरकाम करणाऱ्यांसाठी देशभर लागू होईल असा स्वतंत्र कायदा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २९ जानेवारी २०२५ च्या निकालात बोलून दाखवलं. अशा कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असंही केंद्राला सांगितलं. बातमी वाचून मी ‘बरं झालं’ म्हटलं आणि पेपर घडी करून ठेवला. मागं मोरीत मावशी भांडी घासत होत्या. मुलगी आजारी म्हणून त्यांचे चार खाडे झाले होते आणि त्या चार दिवसांचे पैसे मी कापले होते. आदल्याच रविवारी चर्चमध्ये गोरगरिबांसाठी प्रार्थनाही केली होती.

कायदे अगदीच नाहीत असं नाही. कर्नाटकानं २००४ मध्ये घरकामासाठी किमान वेतन ठरवलं. शेजारच्या महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. मग अडतं कुठं? घर हा कारखाना नव्हे, तिथं कोणी तपासायला येत नाही. हजेरीचा कागद नाही. एक बाई चार घरी राबते, त्यामुळं मालक नक्की कोण हेच ठरत नाही. सुटी मागितली की आपण दुसरी बाई बघतो. म्हणजे कायदा उंबऱ्यापर्यंत येतो. आतलं सगळं आपल्या मनावर. आणि ख्रिस्ती घराची परीक्षा तिथंच आहे.

गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, मग तो आपला असो वा परका, अशी आज्ञा अनुवादाच्या २४ व्या अध्यायात आहे. शिष्यांचे पाय धुताना प्रभूनं नोकराचंच काम हाती घेतलं. आपण ते पवित्र गुरुवारी आठवतो, आणि घरी मावशींचा कप वेगळा ठेवतो. प्रभूच्या मेजावर सगळे एक म्हणायचं आणि स्वयंपाकघरात कप वेगळा, हे कसं जुळायचं?

‘आमचंच पेन्शनवर भागतं, जास्त कुठून देणार?’ असं काहीजण म्हणतील. अडचण खरी आहे. पण ठरलेल्या तारखेला पगार, आठवड्याला एक भरपगारी सुटी, आजारपणाचे पैसे न कापणं, आपल्याच कपातून चहा, यातलं काय न परवडण्यासारखं आहे? शिवाय आपल्याही कित्येक मुली गोव्यात, आखातात परक्याच्या घरी कामाला आहेत. त्यांना तिथं जसं वागवावं असं आपल्याला वाटतं, तसं आपण इथं वागवतो का?

महिला मंडळांनी एका बैठकीत कामगार खात्याचं किमान वेतनाचं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवावं. बाजार, सणासुदीचे कार्यक्रम पुढच्या बैठकीत ठरवता येतील.

मी पुढच्या महिन्यात कापलेले पैसे परत घातले. मावशींनी दोनदा मोजले. “जास्त आलेत की ओ बाई, चुकलं असंल तुमचं.”

“चुकलंच होतं मावशी,” मी म्हटलं, “पण मागच्या महिन्यात.”

— एक ख्रिस्ती गृहिणी, कॅम्प, बेळगाव