बालाघाटचे मँगनीज आणि जगाचे स्थैर्य

अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावरील जादा आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा उदारमतवादी जागतिक व्यवस्था संपल्याचा शोक आपल्याकडे पुष्कळांनी केला. व्यापार वाढला की राष्ट्रे युद्धाला कचरतात आणि सर्वांनी समान नियम पाळले की जगाला स्थैर्य लाभते, हा त्या व्यवस्थेचा सिद्धांत. तो कितपत खरा होता, हे वॉशिंग्टनहून पाहण्यापेक्षा मध्य प्रदेशातील बालाघाटहून पाहिलेले बरे, असे आम्हांस वाटते.

गोंदियाला लागून असलेला हा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्यातील भरवेलीच्या खाणीतून विसाव्या शतकाच्या आरंभापासून मँगनीज निघते. मँगनीजवाचून पोलाद नाही आणि पोलादावाचून तोफा नाहीत. १९०५ च्या क्रांतीने रशियाच्या ताब्यातील काकेशसच्या खाणी विस्कळीत झाल्या, तेव्हा मध्य प्रांताच्या खनिजाला एकाएकी मोल आले. पुढे १९१० च्या सुमारास नॉर्मन एंजल या इंग्रज लेखकाने प्रतिपादिले की, राष्ट्रांचे अर्थव्यवहार आता इतके गुंतले आहेत की युद्ध जिंकणाराही बुडेल. प्रतिपादन चुकीचे नव्हते. तरीही १९१४ साली युद्ध पेटलेच. तोटा होतो म्हणून कोणी भांडायचे थांबत नाही, हे बांधावरून पिढ्यान् पिढ्या दावे लढविणाऱ्या आपल्याकडच्या भाऊबंदांना विचारावे!

दुसऱ्या महायुद्धानंतर या सिद्धांताला पुरवणी जोडली गेली. चार्ल्स किंडलबर्गर यांनी १९७३ मध्ये असे मांडले की, १९२९ ची मंदी लांबली, कारण जगाची धुरा वाहण्याचे बळ ब्रिटनमध्ये उरले नव्हते आणि ती वाहण्याची इच्छा अमेरिकेला नव्हती. म्हणजे स्थैर्याला धुरीण हवा. हा धुरीण कसा वागला? शीतयुद्धात रशियाने अमेरिकेला मँगनीज देण्यात हात आखडला आणि भारतीय खनिजाकडे वॉशिंग्टनचे लक्ष गेले. त्याच सुमारास अन्नटंचाईने गांजलेल्या भारताने गहू मागितला. अमेरिकन काँग्रेसमध्ये काही महिने काथ्याकूट चालला. गव्हाच्या मोबदल्यात मँगनीज आणि मोनाझाइट का घेऊ नये, असा सवाल तेथे झाला. अखेर १९५१ च्या जूनमध्ये १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. आम्ही त्या गव्हाला कृतघ्न नाही. पण भुकेल्याशी केलेल्या सौद्याला मुक्त व्यापार म्हणवत नाही.

आम्हां गोमंतकीयांना तर याहून कडू अनुभव आहे. सालाझारचा हुकूमशाही पोर्तुगाल १९४९ मध्ये ‘नाटो’चा संस्थापक सदस्य झाला आणि १९६१ च्या डिसेंबरात सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स भारताविरुद्ध उभे राहिले. तो ठराव रशियाच्या नकाराधिकाराने पडला.

म्हणून नियमच नकोत, असे म्हणणाऱ्यांशी मात्र आमचे जमत नाही. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ २०१९ च्या डिसेंबरपासून निकाल देऊ शकत नाही, कारण अमेरिकेने नव्या नेमणुका अडविल्या. न्यायासन रिकामे राहिल्याने बलवानाचे काय अडते? अडते ते लहानांचे. ते मंडळ पुन्हा भरावे, ही मागणी दिल्लीने द्विपक्षीय सौद्यांच्या घाईत सोडू नये.

दुसरे काम घरचेच आहे. मँगनीज खाणींच्या कंपनीत सरकारने १९६२ मध्ये ५१ टक्के आणि १९७७ मध्ये पूर्ण मालकी मिळविली. ती आजची ‘मॉइल’. भरवेलीस तिने फेरोमँगनीजचा कारखानाही काढला, हे योग्यच. परंतु त्याच जिल्ह्यातील मलाजखंडच्या तांब्याचे खनिज धातू होण्यासाठी अद्याप बाहेरच जाते. २०२३ मध्ये केंद्राने ठरविलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत तांबे आहे, मँगनीज नाही. जगाने ज्यासाठी एकदा गव्हाची पोती अडवून धरली, ते खनिज आपल्याच यादीतून का सुटले, याचा खुलासा खाण मंत्रालयाने केला पाहिजे.