चेंडूला रान, कुळाला कुंपण!

गोल्फ नांवाचा खेळ आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलाहि नसेल. काठीनें चेंडू टोलवीत एकामागून एक अठरा खळग्यांत घालावयाचा, एवढाच तो. कोणी खेळावें याला आमची हरकत नाहीं. पण या अठरा खळग्यांस शंभर-दीडशें एकर जमीन लागते, बारमास हिरवें गवत लागतें, आणि त्या गवतास भर उन्हाळ्यांत पाणी लागतें. हें सारें कोणाच्या तोंडचें काढावयाचें, हा आमचा प्रश्न आहे.

गोव्याच्या उत्तर टोंकास नदीपलीकडे तेरेखोल हें चिमुकलें गांव आहे. केरीहून तरीनें तेथें जातां येतें. याच गांवच्या किल्ल्यावर 15 ऑगस्ट 1954 रोजीं सत्याग्रह्यांनीं तिरंगा लावला. 1961 सालीं गोवा मुक्त झाला. 1964 सालीं कूळकायदा आला आणि 1976 च्या दुरुस्तीनें कसणारें कूळ जमिनीचें मालक ठरलें. 1991 च्या कायद्यानें तर असें ठरविलें कीं, कुळाकडे आलेली जमीन शेतीवांचून दुसऱ्या कामीं लावूं नये. इतके कायदे उशाशीं असतां त्याच तेरेखोलांत गोल्फचें मैदान व श्रीमंती हॉटेल उभारण्याचा घाट घातला गेला! विकणारा भाटकार, म्हणजे तेथला जमीनदार, घेणारी कंपनी, आणि काजूच्या बागा राखणारीं कुळें विचारीत राहिलीं कीं, आमचा हक्क गेला कोठें? 2015 सालीं यंत्रें जमीन उकरावयास आलीं, तेव्हां गांवकरी आडवे झाले व गाऱ्हाणें हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलें.

अशा बेतांचे कैवारी म्हणतात, "गांवाला रोजगार मिळेल." मिळेल खरा! जो काल बागेचा धनी होता, तो उद्यां पाहुण्यांच्या काठ्यांचें ओझें खांद्यावर वाहील आणि त्याची बायको त्यांच्या खोल्या झाडील. मालकाचा गडी करणें याला प्रगति म्हणावयाचें, तर अधोगति ती कोणती?

ते असेंहि म्हणतात, "दार सर्वांस उघडें आहे, पैसे भरा आणि या." वाहवा! पूर्वीं पाणवठ्यावर जात आडवी येई, येथें दर आडवा येतो. ज्याच्या आज्यानें तें रान राखलें, त्यालाच फाटकावर पहारेकरी विचारणार, "कोण रे तूं?" दाराला कुलूप लोखंडाचें असो कीं रुपयाचें, बाहेर राहणारा तोच कुणबी!

म्हणून बांधवहो, आमचें सांगणें थोडकें आहे. गोव्यांत असाल तर नमुना एक व चौदा, महाराष्ट्रांत असाल तर सातबारा, आजच काढा; मुलाकडून वाचून घ्या; कुळाच्या रकान्यांत आपलें नांव आहे कीं नाहीं तें पाहा. न वाचलेल्या कागदावर आंगठा देऊं नका. ग्रामसभेला घरचीं सारीं माणसें जा. कायद्यानें दिलेली जमीन आळसानें गेली, तर मग भाटकारास दोष देण्याचा अधिकारहि आपणांस उरणार नाहीं.