मधली खुर्ची

दोस्तांनो, या सदरात आपण पोस्ट ऑफिस पाहिलं, ग्रामपंचायत पाहिली. आज जरा अवघड ठिकाणी जायचंय. कौटुंबिक न्यायालयात.

नवरा-बायकोच्या आणि मुलांच्या प्रश्नांसाठी वेगळी न्यायालयं असावीत, असा कायदा १९८४ साली झाला. घटस्फोटासाठी कुणी तिथे गेलं, की न्यायाधीश लगेच निकाल देऊन मोकळे होत नाहीत. आधी बोलून काही जमतंय का ते बघा, म्हणतात. आणि दोघांना समुपदेशकाकडे किंवा मध्यस्थाकडे पाठवतात.

तिथे आरोपीचा पिंजरा नाही की 'ऑर्डर, ऑर्डर' नाही. (ते सिनेमातच फार!) एक टेबल, चार खुर्च्या. मधल्या खुर्चीतला माणूस निकाल देत नाही बरं का. पुष्कळ मुलांना वाटतं, आईचं खरं की बाबांचं खरं, हे तो ठरवणार. छे! ठरवायचं असतं आईबाबांनीच. तो आधी दोघांचं एकत्र ऐकतो. मग आईला एकटीला बोलावतो, बाबांना एकट्याला. एकट्यात सांगितलेलं तो परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही. तिथलं बोलणं न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात तसं लिहिलंच आहे. म्हणून माणसं मोकळी होतात. 'मुलगी माझ्याकडेच राहील' म्हणून घरात ओरडणारे बाबा इथे हळूच म्हणू शकतात, 'ती मला रविवारी तरी भेटेल ना?' भीती कळली, की गाडी पुढे सरकते. रविवार कुणाचा, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, फी कोण भरणार, ताप आला तर फोन कुणाला करायचा.

यात 'मुलांचा ताबा' असा शब्द येतो. शेताचा ताबा, घराचा ताबा, तसा मुलांचा! मला बाई हा शब्द मुळीच आवडत नाही. पण ताबा ठरवताना पाहायचं असतं ते मुलाचं हितच. समज आलेल्या मुलाला काय वाटतं, हे न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. १८९० च्या जुन्या कायद्यातही ही सोय आहे. विचारलं तर मनातलं सांगा. मात्र आई की बाबा, हा निकाल तुम्ही द्यायचा नसतो. दोघांना पुन्हा एकत्र आणायचं कामही तुमचं नाही.

जमलं, तर ठरलेलं सगळं कागदावर येतं, दोघं सही करतात आणि कागद न्यायाधीशांपुढे जातो. कधी कधी दोघं पुन्हा एकत्र राहायचंही ठरवतात. नाही जमलं, तर प्रकरण न्यायाधीशांकडे परत. मनाविरुद्ध सही करायची सक्ती कुणावरच नसते. घरात मारहाण होत असेल, तर हे फारच महत्त्वाचं.

आणि मुलांबद्दल ठरलेलं म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. दुसरीत असताना ठरलेला रविवार नववीत क्लासमुळे जमेनासा होतो. तेव्हा आईबाबा पुन्हा बोलून, नाहीतर न्यायालयात अर्ज करून, तो बदलून घेऊ शकतात.